बॅकप्लेट-विंग घ्यायचीय? आधी वजनाचा हिशोब मांडू

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ज्यांना दरवर्षी समुद्रात उतरायचंच आहे त्यांनी नवं जॅकेट बीसीडी (हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट) घेण्याआधी बॅकप्लेट आणि विंगचा विचार जरूर करावा. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर मेल आले, आणि बहुतेकांना एकच हवंय, मॅडम एक नाव सांगा, आम्ही ऑर्डर करतो. नाव मी सांगणार नाही, कारण एकाच प्लेटवर एक माणूस मस्त तरंगतो आणि दुसरा दगडासारखा खाली जातो, हे तुमच्या अंगावर, सूटवर आणि सिलेंडरवर ठरतं. ते कसं ठरवायचं तेवढं मात्र अगदी खोलात जाऊन सांगते.

प्रश्न: मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्स झालाय, मालवण आणि अंदमानातल्या हॅवलॉकला डायव्ह केलेत, दरवेळी भाड्याचं जॅकेट. हवा भरली की ते छातीला आवळतं आणि पाण्यावर आलो की कानापर्यंत वर सरकतं. एका ट्रिपला एकाने बॅकप्लेट-विंग लावली होती, पाण्यात एकदम आडवा आणि शांत. मला पण तसंच पाहिजे. स्टील घेऊ की ॲल्युमिनियम? वजन ६२ किलो, ३ मिलीमीटर (मिली) जाडीचा फुल सूट, जॅकेटबरोबर ५ किलो वेट्स (बुडायला लावायची शिशाची वजनं) लागतात.

उत्तर: तुम्ही वेट्सचा आकडा लिहिलात हे फार बरं केलंत, त्याच्याशिवाय उत्तरच देता येत नाही. आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. जॅकेटमध्ये हवेची पिशवी, पट्टे, खिसे, गादी सगळं एकत्र शिवलेलं असतं आणि हवा तुमच्या कुशीत, पोटाच्या बाजूने फुगते. बॅकप्लेट सिस्टिममध्ये तीन वेगळ्या गोष्टी येतात, पाठीवर धातूची प्लेट, तिच्यातून ओवलेला दोन इंची नायलॉनच्या पट्ट्याचा हार्नेस, आणि प्लेट व सिलेंडर यांच्यामध्ये बसणारी विंग म्हणजे हवेची पिशवी. हवा सगळी पाठीमागे, छाती-पोट मोकळं. हे फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हर लोकांनी विकसित केलं, त्यातलं बिल होगार्थ मेन हे नाव इतकं मोठं की त्याच्या पद्धतीने गिअर लावण्याला आजही होगार्थियन म्हणतात. गुहेत गाळ उडवला तर बाहेर पडायची वाट दिसत नाही, म्हणून आडवं राहणं ही तिथे जिवाची गरज होती. आपल्याला मालवणला गुहा नाही, पण दृश्यमानता बऱ्याचदा चार-पाच मीटरच असते आणि पाय खाली लोंबले की फिनने वाळू उडते, मग मागच्या माणसाला काही दिसत नाही आणि कोरलवर लाथ बसते ती वेगळीच.

आता हिशोब. तुमच्या ५ किलोतलं साधारण १ किलो तर त्या जॅकेटलाच बुडवायला लागतं, कारण त्यातली गादी आणि कापड तरंगतं. ३ मिली जाडीची स्टील प्लेट हार्नेसच्या बकल आणि डी रिंगांसकट (गिअर अडकवायच्या डी आकाराच्या कड्या) अडीच किलोच्या आसपास भरते, पाण्यात तिचं ओझं २ किलोच्या जरा वर राहतं. म्हणजे जॅकेट काढून स्टील प्लेट लावली की जवळजवळ ३ किलो वेट्स कमी, उरले २. ॲल्युमिनियमची प्लेट ९०० ग्रॅमच्या आसपास असते आणि पाण्यात जेमतेम अर्धा किलो खाली ओढते, तिच्याबरोबर तुम्हाला साडेतीन किलो वेट्स लावावेच लागतील.

तुमच्यासाठी माझं मत स्टील. कारण ते २ किलो कमरेवरून निघून फुप्फुसांच्या मागे, पाठीवर पसरतात, आणि पाण्यात माणूस तरंगतो तो मुख्यतः फुप्फुसांमुळे, वजन कमरेला असलं की छाती वर आणि पाय खाली असं तिरकं होतं. तो माणूस तुम्हाला आडवा दिसला त्यात अर्धा वाटा या वजनाच्या जागेचा, अर्धा त्याच्या सरावाचा. सरावाचा भाग प्लेटबरोबर येत नाही हे आत्ताच सांगते, नाहीतर पहिल्या डायव्हला निराश व्हाल.

पण हेच उत्तर दुसऱ्या कुणी उचलू नका. समजा कुणी अंदमानात २९ डिग्रीच्या पाण्यात नुसत्या रॅशगार्डवर (अंगाबरोबर बसणारा पातळ शर्ट) उतरतंय आणि जॅकेटबरोबर २ किलोतच काम होतंय, तर स्टील प्लेट लावल्यावर सगळी वेट्स काढूनही तो माणूस १ किलो जड राहील आणि अडचणीत टाकून द्यायला अंगावर काहीच नसेल. त्याने ॲल्युमिनियमच घ्यावी. आणि सिलेंडर कुठला मिळतो ते विचारा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधारण ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलेंडर असतो, तो भरलेला असताना अर्धा-पाऊण किलो खाली ओढतो आणि रिकामा झाला की जवळपास २ किलो वर ओढतो, कारण आतली अडीच किलोच्या वरची हवा तुम्ही श्वासातून संपवलेली असते. स्टीलचा सिलेंडर रिकामा झाला तरी असा वर ओढत नाही, त्यामुळे परदेशात कुठे तो मिळाला तर स्टील सिलेंडर अधिक स्टील प्लेट ही जोडी गरम पाण्यात पातळ सूटवर टाळलेलीच बरी.

शेवटी सगळे कागदावरचे आकडे पाण्यात तपासायचे. डायव्हच्या शेवटी सिलेंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेत, तुम्ही ५ मीटरवर थांबलाय, विंग पूर्ण रिकामी केलीय आणि नेहमीसारखा श्वास घेताना जागेवर राहताय, तर वजन बरोबर. खाली जात असाल तर अर्धा-अर्धा किलो कमी करत जा, वर खेचले जात असाल तर वाढवा. हे प्रत्येक नव्या सूटबरोबर पुन्हा करायचं.

प्रश्न: वाशीत राहतो. एक मित्र त्याची ४५ पाउंडाची विंग स्वस्तात देतोय. मी सध्या सिंगल सिलेंडरच वापरतो पण पुढेमागे टेक्निकल डायव्हिंग करायचा विचार आहे, मग ट्विनलाही (जोडीने लावलेले दोन सिलेंडर) चालेल ना? मोठी घेतलेली वाईट काय, हवा कमी भरायची.

उत्तर: घेऊ नका. स्वस्त असली तरी नको.

"हवा कमी भरायची" हे ऐकायला बरोबर वाटतं पण पाण्यात तसं होत नाही. ४५ पाउंड म्हणजे २० किलो उचलण्याची ताकद, आणि एवढी विंग बहुतेक वेळा ट्विन सिलेंडरसाठी रुंद कापलेली असते. ती एका सिलेंडरमागे लावली की दोन्ही बाजूंचे पंख वर वळून सिलेंडरला दोन्हीकडून मिठी मारतात, हवा त्या घड्यांमध्ये अडकते, तुम्ही डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायची झडप) दोरी ओढताय आणि हवा बाहेर येतच नाही. वर येताना अडकलेली हवा फुगत जाते, १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते, आणि नेमकं शेवटच्या ५ मीटरला जिथे थांबायचंय तिथे तुम्ही बुचासारखे वर जाता. शिवाय रिकामं कापड पाण्यात फडफडतं, पोहायला जड जातं.

तुम्हाला किती लागते ते बघू. दोन प्रसंग धरायचे. पहिला, डायव्हच्या सुरुवातीला तळाशी, जेव्हा सिलेंडरमधली सगळी हवा अजून शिल्लक आहे आणि सूट दाबाने चेपलाय. हवेचे अडीच किलो, ३ मिलीच्या सूटने गमावलेली तरंगण्याची ताकद साधारण दीड ते दोन, म्हणजे साडेचार किलो. दुसरा प्रसंग, बोटीजवळ तुम्ही गिअर अंगातून काढून पाण्यात सोडलंत, ते स्वतःच्या जिवावर तरंगलं पाहिजे. भरलेला सिलेंडर पाऊण किलो, रेग्युलेटर (सिलेंडरमधून श्वास घ्यायचं यंत्र) १ किलो, स्टील प्लेट सव्वादोन, प्लेटवर लावलेली वेट्स धरा २. एकूण ६ किलो. लाटांमध्ये डोकं-खांदे नीट पाण्याबाहेर राहावेत म्हणून वर अजून थोडी मोकळीक ठेवा. म्हणजे २५ ते ३० पाउंड, ११ ते साडेतेरा किलोची विंग आपल्या पाण्यात एका सिलेंडरला पुरून उरते. ५ मिलीचा सूट घालणारे आणि अंगाने मोठे असणारे ३५ पाउंडापर्यंत जातात, त्याच्या वर मला कारण दिसत नाही. ट्विन घ्याल तेव्हा विंग वेगळी घ्या, प्लेट आणि हार्नेस तोच चालेल, कारण प्लेटवरच्या दोन मुख्य भोकांमधलं अंतर ११ इंच हे जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवलंय. या सिस्टिमचा मोठा फायदाच हा आहे की एक भाग बदलला म्हणून बाकीचे भाग फेकावे लागत नाहीत, म्हणून मला "पुढेमागे लागेल" या नावाखाली आज चुकीचा आकार घेणं अजिबात पटत नाही.

आकारात दोन प्रकार येतात, डोनट म्हणजे पूर्ण गोल आणि हॉर्सशू म्हणजे खालून तुटलेला. सिंगलसाठी मी डोनटच सांगेन, एका बाजूची हवा खालून फिरून दुसऱ्या बाजूला जाते, एका अंगावर कलंडून हवा काढायची कसरत करावी लागत नाही.

आणि दुसऱ्या कुणाकडून जुनी ३० पाउंडाची मिळाली तर जरूर बघा, फक्त विकत घेण्याआधी तोंडाने टम्म फुगवून रात्रभर घरात ठेवा, सकाळी तेवढीच कडक हवी. मऊ पडली असेल तर साबणाचं पाणी शिवणी, डंप व्हॉल्व्ह आणि इन्फ्लेटरच्या (विंगमध्ये हवा भरायची नळी) सांध्याला लावा, बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हमधून गळत असेल तर बहुतेक वेळा वाळूचा कण किंवा रबरी रिंगचा खर्च असतो, आतला ब्लॅडर (हवा धरणारी पिशवी) गेला असेल तर सोडून द्या.

प्रश्न: नेरूळहून लिहितेय. उंची ४ फूट ११ इंच, खांदे अरुंद. जॅकेटचा एक्स्ट्रा स्मॉलसुद्धा मला मोठा होतो. पण धातूची प्लेट पाठीला टोचणार नाही का? आणि पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याची मला जरा धास्ती वाटते.

उत्तर: ताई, खरं तर हार्नेसचा सगळ्यात जास्त फायदा तुमच्यासारख्यांनाच होतो, कारण त्यात साइज हा प्रकारच नाही, पट्टा तुमच्या अंगावर मापून बसवायचा. प्लेट मात्र स्मॉल घ्या, बऱ्याच कंपन्या आखूड प्लेट बनवतात. नेहमीची प्लेट तुमच्या पाठीवर लांब पडली तर खालची कड कंबरेच्या मागे टेकते आणि बोटीवर बसताना त्रास होतो. प्लेट सपाट नसते, मधे पन्हाळीसारखी वाकवलेली असते आणि तुमच्या पाठीचा कणा त्या पन्हाळीत मोकळा राहतो, सूट अंगावर असेल तर टोचत नाही. नुसत्या रॅशगार्डवर पहिल्या काही वेळा खांद्याला पट्टा जाणवेल, पण त्यासाठी लगेच जाड पॅड विकत घेऊ नका, बहुतेक वेळा पट्टा जास्त आवळलेला असतो.

इथे जरा थांबते, कारण लोक विंगवर आठवडाभर डोकं खपवतात आणि हार्नेस पाच मिनिटांत बसवतात, आणि मग म्हणतात बॅकप्लेट कम्फर्टेबल नाही. सूट घालून, घरी, आरशासमोर, कुणाला तरी मदतीला घेऊन बसवा. प्लेटची वरची कड मानेच्या खाली, खांद्यावरून हात मागे टाकला की बोटांची टोकं तिला लागतील इतपत वर हवी. खूप खाली बसवली की सिलेंडरही खाली जातो आणि पाय बुडतात. खांद्याच्या पट्ट्याखाली तीन बोटं सहज सरकली पाहिजेत, हात आत-बाहेर काढताना मारामारी व्हायला नको. छातीवरच्या डी रिंगा काखेच्या रेषेपेक्षा फार वर नकोत, हात आडवा नेल्यावर अंगठा आपोआप रिंगेत गेला पाहिजे. कमरेचं बकल मध्यभागी न ठेवता उजवीकडे सरकवा, म्हणजे मधे पायातल्या पट्ट्याचा लूप येतो त्याच्याशी ते भांडत नाही, आणि डाव्या कमरेची रिंग प्रेशर गेजसाठी.

पायांमधला पट्टा हाच कासारवडवलीच्या वाचकाच्या, जॅकेट वर सरकण्याच्या तक्रारीवरचा इलाज आहे, तोच सिस्टिमला वर सरकू देत नाही. तो ओढून घट्ट करायचा नसतो, उभं राहिल्यावर अंगाला नुसता लागेल एवढाच. दोन इंचीऐवजी एक इंची पट्टा मिळतो, तो तुम्हाला जास्त आवडेल असं वाटतं. पट्ट्याची जादा शेपटं मात्र लगेच कापू नका, दोन-तीन ट्रिप होऊ द्या, सूट बदलला की माप बदलतं. कापल्यावर टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या म्हणजे धागे सुटणार नाहीत.

प्रश्न: आमचं वागळे इस्टेटमध्ये छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शेजारीच लेझर कटिंगवाला आहे. इम्पोर्टेड प्लेटची किंमत बघून वाटतं की एसएसची प्लेट मी स्वतःच कापून का घेऊ नये? ड्रॉइंग कुणाकडून तरी मिळेल. हार्नेसला ट्रकवर माल बांधायचे पट्टे चालतील का?

उत्तर: प्लेट घ्या करून, अगदी आनंदाने. पट्टे ते नकोत. विंग, इन्फ्लेटर, व्हॉल्व्ह यातलं काहीही घरी करायचं नाही.

हा प्रश्न मला फार आवडला कारण प्लेटमध्ये हलणारा भाग एकही नाही, चांगल्या वर्कशॉपमधल्या माणसाला ती करता येते. फक्त काही गोष्टी नक्की करा. पत्रा ३१६ ग्रेडचा. बाजारात स्टेनलेस म्हणून २०२ गळ्यात मारतात, तो समुद्रात काही ट्रिपमध्ये लालसर पडायला लागेल. ३०४ नीट धुतला तर चालतो, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यातले खड्डे पडायचे ते त्यामुळे खूप कमी होतात. चुंबक लावून बघण्यावर जाऊ नका, ३०४ आणि २०२ दोन्ही साधारणपणे चिकटत नाहीत आणि वाकवलेल्या जागी चांगला पत्राही थोडा चिकटू शकतो. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा किंवा मॉली टेस्ट करून घ्या, तुमच्या लाइनमध्ये हे नवीन नाही.

जाडी ३ मिली. ३ मिलीचा पत्रा चौरस मीटरला २४ किलो भरतो, प्लेट साधारण ३८ बाय २७ सेंटीमीटर धरली तर अडीच किलोच्या जरा आत येते, भोकं-खाचा वजा करून अजून थोडी कमी. ६ मिलीची केलीत तर ५ किलोच्या घरात जाईल, थंड पाण्यात जाड सूटवाले ती वापरतात, मालवणच्या पाण्यात ती धोक्याची आहे. मुख्य दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २७९ मिली, यात चूक झाली तर एकही विंग बसणार नाही. खाचा दोन इंची पट्टा सहज सरकेल पण गुंडाळणार नाही अशा, ५३-५४ मिली. ड्रॉइंगपेक्षा कुणाची तरी खरी प्लेट दोन दिवस मागून आणा आणि तिच्यावरून बेंडचा कोन उचला, कागदावर तो बऱ्याचदा दिलेलाच नसतो, आणि पन्हाळ उथळ झाली तर बोल्टाचं डोकं पाठीला लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कडा. लेझरने कापल्यावर खाचेच्या आतल्या बाजूला जी बारीक धार राहते ती पट्ट्याला करवतीसारखी कापते. बाहेरची कड सगळेच बफ करतात, खाचेची आतली बाजू विसरतात. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक खाच दोन्ही बाजूंनी गोल करा, जुना सुती कपडा आतून ओढून बघा, कुठेही अडकता कामा नये.

ट्रकचे पट्टे बहुतेक पॉलिएस्टरचे आणि सैल विणीचे असतात, ओले झाल्यावर लोळतात. साध्या बॅगांचा पट्टा पॉलिप्रॉपिलीनचा, तो गुळगुळीत, बकलमधून सरकतो आणि उन्हात लवकर कुजतो. डायव्हिंगसाठी कडक विणीचा नायलॉनचा पट्टा मिळतो तोच घ्या, कमरेचं बकल आणि डी रिंगाही डायव्हिंगच्याच. वाचलेल्या पैशातून चांगली विंग घ्या.

प्रश्न: विमानात स्टीलची प्लेट परवडते का? १५ किलोत काय काय बसवायचं? (खारघर)

उत्तर: ॲल्युमिनियमची प्लेट, हार्नेस आणि सिंगल विंग मिळून ३ किलोच्या आसपास बसतं, स्टीलने दीड किलो वाढतं. वेट्स तर सेंटरवर मिळतातच, त्यामुळे बहुतेक ट्रिपा विमानाने अंदमान किंवा लक्षद्वीपला असतील तर ॲल्युमिनियम. मालवण, मुरुडेश्वरला कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी हा विचार करायची गरजच नाही, पनवेलला गाडीत चढा आणि बर्थखाली बॅग सरकवा. प्लेट, चाकू, लाइन कटर (दोरी-पट्टा कापायचं छोटं पातं) चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नाही.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, ठाण्यातच कॉलेजला आहे. डायव्हिंगचा कोर्स केला, आता हे बॅकप्लेट म्हणतोय. मी फोटो पाहिले, त्यात खांद्यावर एकही क्लिप नाही, एकच सलग पट्टा. उद्या पाण्यात काही झालं तर हे अंगातून निघणार कसं? वस्तू महाग आहे त्याचं काही नाही, पण मला हे सुरक्षित वाटत नाहीये.

उत्तर: काका, तुमची काळजी अगदी रास्त आहे.

सलग पट्ट्यामागचं कारण असं की क्लिप हा तुटणारा भाग आहे, प्लॅस्टिकची क्लिप बोटीवर पायाखाली येऊन फुटली तर सिलेंडर एका खांद्यावरून लोंबतो. सलग पट्ट्यात तुटण्यासारखं फार कमी उरतं. काढायची पद्धत अशी, कमरेचं बकल एका हाताने उघडायचं, त्याबरोबर पायांमधला पट्टाही सुटतो, मग डावा हात पट्ट्यातून बाहेर आणि सगळं उजव्या खांद्यावरून उतरतं. पट्टा योग्य तेवढा सैल असेल तर काही सेकंदांचं काम आहे. घट्ट बसवला असेल तर मात्र खरंच निघत नाही, आणि तुमच्या काळजीचं मूळ तिथे आहे. म्हणून मुलाला सांगा की आधी उथळ पाण्यात, इन्स्ट्रक्टर समोर असताना, डोळे मिटून हे काढणं-घालणं पुन्हा पुन्हा कर. कमरेच्या पट्ट्यावर छोटा लाइन कटर हवाच, दुसऱ्या कुणाला त्याला मदत करायची वेळ आली तर नायलॉनचा पट्टा त्याने झटक्यात कापता येतो, आणि त्याच्या बडीला (जोडीदार डायव्हरला) हे आधीच माहीत हवं.

तरीही त्याची मनगटं किंवा खांदे दुखावलेले असतील, किंवा तुमच्या मनाला पटतच नसेल, तर खांद्यावर क्लिप असलेला हार्नेस त्याच प्लेटवर बसतो. कट्टर मंडळी नाक मुरडतील, मला त्यात काही गैर दिसत नाही.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न तुम्ही त्याला हा विचारा की विंग फाटली, त्यात हवाच राहिली नाही, तर तू वर कसा येशील? वजन बरोबर असलेल्या माणसाला तळाशी चार-साडेचार किलोचं ओझं असतं, त्यातली दोनेक किलो वेट्स टाकता येत असतील तर उरलेलं फिन मारत वर आणता येतं. वेट बेल्ट वापरत असेल तर तो पायांमधल्या पट्ट्याच्या वरून बांधायचा, खाली बांधला तर सोडल्यावरही तो तिथेच अडकून राहतो. मुलाने आकड्यांसकट उत्तर दिलं तर निर्धास्त व्हा. नाही दिलं तर खरेदी महिनाभर पुढे ढकला.

प्रश्न: सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये नवं गिअर ट्राय करू का? साडेचार फूट खोल आहे, माजिवड्याला. तिथेच वेट्सही ठरवून टाकतो.

उत्तर: हार्नेसचं माप बघायला पूल उत्तम, वेट्स ठरवायला नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, तुम्ही आणि तुमचं गिअर मिळून ८० किलो धरलं तर समुद्रात २ किलो वेट्स जास्त लागतात. पूलमध्ये बरोबर बसलेलं वजन घेऊन मालवणला गेलात तर खाली जाताच येणार नाही.

आणि साडेचार फूट म्हणजे काय होणार असं समजू नका. सिलेंडरमधून श्वास घेऊन तो रोखून धरला आणि उभे राहिलात, तर एवढ्याशा खोलीतही फुप्फुसाला इजा होऊ शकते. एकट्याने नाही, सर्टिफाइड माणूस सोबत हवा, आणि सोसायटीची मुलं कुतूहलाने जवळ येतील त्यांच्या तोंडात रेग्युलेटर द्यायचा नाही, कितीही मागितला तरी. झाल्यावर क्लोरीन धुऊन टाका.

प्रश्न: तारकर्लीला एकदा डायव्ह केला, वेड लागलंय! लगेच बॅकप्लेट घेऊ? (ऐरोली)

उत्तर: आत्ता नको. आधी ओपन वॉटर कोर्स करा, मग चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या, मग डायव्ह कॉम्प्युटर, त्यानंतर हे.

प्रश्न: जूनपासून सगळं गिअर घरात पडून असतं. ठाण्याच्या पावसात चपलेलाही बुरशी येते, विंगचं काय करू?

उत्तर: मालवणची बोट मे अखेर बंद झाली की ती ऑक्टोबरपर्यंत निघत नाही, म्हणजे चार महिने गिअर कपाटात, आणि नेमकी याच काळात विंग खराब होते. बाहेरून सगळेच धुतात, आतून धूत नाहीत. इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडं पाणी आत भरा, एक तृतीयांश पुरे, मग तोंडाने हवा भरा, सगळ्या बाजूंनी हलवा आणि उलटं करून खालच्या डंप व्हॉल्व्हमधून पाणी काढा. पाणी खारट लागायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा. समुद्राचं पाणी आत सुकलं की मिठाचे खडे होतात आणि ते ब्लॅडरला आतून घासतात. मग अर्धी फुगवून सावलीत टांगा, गॅलरीत थेट उन्हात नको, पूर्ण रिकामी करून घडी तर अजिबात नको, भिंती एकमेकींना चिकटतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून फुगवून बघा. इन्फ्लेटरचं बटण दाबून ते लगेच परत येतं का हेही बघा. बटण अडकलं की विंग आपोआप भरत राहते आणि पाण्याखाली ते फार वाईट, अडकत असेल तर स्वतः तेल सोडू नका, सर्व्हिसिंगला द्या.

प्लेट ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचे असतील तर बोल्ट काढून ठेवा. दोन वेगळे धातू मीठ-ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खात जातं, भोकाभोवती पांढरी पावडर दिसली तर ते सुरू झालंय. आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या डायव्हला सिलेंडरचा पट्टा आधी पाण्यात भिजवा, मगच आवळा. नायलॉन ओला झाला की ढिला पडतो, कोरडा आवळलेला सिलेंडर पाण्यात उतरल्यावर पाच मिनिटांत खाली सरकतो. आवळून झाला की व्हॉल्व्हला धरून सिलेंडर उचला, प्लेटसकट वर आला आणि तसूभर हलला नाही तर ठीक.